टाकीच्या अंदाजपत्रकात शिक्षणही धरा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यातली. तानसा तर १८९२पासून शहराला पाणी पुरवते आहे. तरीही एप्रिल उजाडला की इथल्या डोंगरावरच्या वाड्या-पाड्यांची नावे टंचाई आराखड्यात चढतात आणि टँकरच्या फेऱ्या सुरू होतात.

सह्याद्रीचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. चार महिन्यांत कोसळलेला पाऊस ओढ्यांवाटे खाली निघून जातो. धरण नजरेच्या टप्प्यात असले, तरी तिथून पाणी वर चढवण्याचे वीजबिल वाडीला पेलत नाही. नळयोजना होतात, पण अनेक ठिकाणी उन्हाळा लागताच उद्भव विहीरच तळ गाठते. अशा वाडीसाठी सर्वांत जवळचा उद्भव म्हणजे घराचे छप्पर. ४० चौरस मीटर पत्र्यावर किंवा कौलांवर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर ८० हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ६४ हजार लिटर उरते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकापुरते पाणी आठ कोरडे महिने पुरवायला त्याचा चौथा भाग, म्हणजे १६ हजार लिटरची टाकी पुरेशी आहे.

१६ हजारांचे हे माप ब्राझीलच्या ईशान्येकडील दुष्काळी पट्ट्यात पारखून झाले आहे. तिथे पाऊस शहापूरच्या निम्म्याहूनही कमी पडतो. सेर्जिपी प्रांतातला नेल नावाचा गवंडी पोटासाठी साओ पाउलोला गेला आणि पोहण्याचे तलाव बांधू लागला. सिमेंटच्या वक्र फरश्या जोडून भिंत उभी करण्याची रीत त्याने तिथे उचलली आणि गावी परतून तिच्यापासून घरगुती गोल टाकी घडवली. अर्धी जमिनीत, अर्धी वर, माथ्यावर पांढरे शंकूच्या आकाराचे झाकण. १९९९मध्ये या पट्ट्यातल्या शेकडो संस्था-संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी दहा लाख टाक्यांचा संकल्प सोडला. २००३पासून सरकारने त्यासाठी पैसा दिला. संकल्पाचा आकडा पुढे ओलांडलाही गेला, आणि २०१७मध्ये या धोरणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला.

मात्र या आकड्यापेक्षा कामाची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. टाकी कोणाला द्यायची हे स्थानिक समिती ठरवते. बाईच्या कष्टावर चालणारी घरे आणि लहान मुले, वृद्ध, अपंग असलेली घरे आधी घेतली जातात. बांधकाम गावातलेच प्रशिक्षित गवंडी करतात. आणि टाकी मिळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पाणी राखण्याचे आणि शुद्ध ठेवण्याचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. २०११मध्ये सरकारने घाईघाईने कारखान्यात बनलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या वाटायचे ठरवले, तेव्हा पेत्रोलिना शहरात हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. प्लॅस्टिक उन्हाने वाकते ही तक्रार होतीच. पण गवंड्यांचे काम आणि गावाचे शिकणे दोन्ही हिरावले जाणार, हे दुखणे त्याहून मोठे होते.

महाराष्ट्राला टाकी काही नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कातळात खोदलेल्या पोढी, म्हणजे पाण्याच्या टाक्या, आजही दिसतात, आणि पाण्याच्या टाक्यांवाचून एकही गड नांदला नाही. राज्य सरकारच्या ‘शिवकालीन पाणी साठवण योजने’त छपरावरचे पाणी साठवणेही होते. उल्हास परांजपे यांच्या जलवर्धिनी प्रतिष्ठानने फेरोसिमेंटच्या स्वस्त टाक्या बांधून दाखवल्या आहेत. बांधण्याचे ज्ञान इथे आहे. सरकारी कामात उणीव पडते ती बांधून झाल्यानंतर. ठेकेदार बिल घेऊन जातो, टाकीवर योजनेचे नाव रंगवले जाते, आणि पन्हळ निखळली तर काय करायचे हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

शिकवायचे ते फार अवघड नाही, पण त्यातला एक दुवा निसटला तरी पाणी बिघडते. उन्हाळाभर छपरावर धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा साचते. म्हणून मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडायचे आणि छप्पर धुऊन निघाल्यावरच नळी टाकीकडे वळवायची. पावसाळाभर पाणी वापरत राहायचे, आणि उत्तरा-हस्ताच्या पावसात टाकी काठोकाठ भरून घ्यायची. टाकीत हंडा-कळशी बुडवायची नाही. तोटीने किंवा हातपंपाने पाणी काढायचे. घरातल्या माठाला लांब दांड्याचे ओगराळे हवे. पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त टीसीएल पावडर उघडी किंवा दमट राहिली की तिचा जोर जातो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. क्लोरीन मिसळल्यावर अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची रंगचाचणी, करायची. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजायचे.

डासांचा प्रश्न वेगळा. डेंग्यू रोखण्यासाठी आरोग्य विभाग आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतो, पण आठ महिन्यांचे पाणी दर आठवड्याला ओतून देता येत नाही. त्यामुळे झाकण घट्ट आणि हवेच्या नळीला बारीक जाळी, ही टाकीची पहिली अट झाली पाहिजे.

झाकणाला कडी-कोयंडाही हवा, कारण साठलेले पाणी मुलांच्या जिवावर उठू शकते. राज्याने २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याचे काठ इतके निसरडे असतात की पोहता येणाऱ्यालाही वर चढणे कठीण जाते. अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि अनेकदा वाचवायला उतरलेलाही जातो. कुंपण, काठावरून आत सोडलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब हा खर्च तळ्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. उडी न मारता दोर फेकायचा आणि मोठ्यांना हाक द्यायची, हे शाळेत प्रत्यक्ष करवून घेतले पाहिजे.

शिकवणारी माणसेही गावातच आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, आशाताई आहेत. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासण्यासाठी प्रत्येक गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर गावाच्या पाणीस्रोतांची पाहणी होऊन लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हीच पाहणी घराच्या टाकीपर्यंत न्यायची आहे.

टँकरवर दर उन्हाळ्यात होणारा खर्च पाण्याबरोबरच संपतो. पुढच्या वर्षी वाडी पुन्हा यादीत असते. म्हणून जिल्हा परिषदांनी येत्या टंचाई आराखड्यात, सलग तीन वर्षे टँकर लागलेल्या वाड्यांसाठी घरोघरी टाक्यांचा प्रस्ताव मांडावा. कुटुंबांच्या प्रशिक्षणाची रक्कम सिमेंट-लोखंडाच्या शेजारी स्वतंत्र ओळीत दाखवावी. बिलाचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा उलटल्यावर द्यावा, आणि तोही दोन गोष्टी तपासून: टाकीतले पाणी प्रयोगशाळेत पिण्यायोग्य ठरले का, आणि पन्हळ धुण्यापासून ओटी टेस्टपर्यंतचे काम घरातली माणसे स्वतः करून दाखवतात का.