चढाचं उत्तर

पुण्याने सायकल का सोडली, असं विचारलं की बहुतेक जण स्कूटरकडे बोट दाखवतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं. पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, खडकी हा बराचसा सपाट मुलूख. दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा, तो त्या सपाटीवर. पुढे माणसं कोथरूड, बावधन, बिबवेवाडी, कात्रज अशी कडेकडेला राहायला गेली. अंतर वाढलं आणि सकाळी कामाला जाताना उतार, संध्याकाळी दमून परतताना चढ असा उलटा हिशेब वाट्याला आला. अशा शहरात सायकल सोडणाऱ्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

स्कूटर विकून मी ई-सायकल घेतली ती या चढापायी. घर कोथरूडला, ऑफिस शिवाजीनगरला, वय पन्नाशीपलीकडे आणि गुडघे आता जपायचे. साधी सायकल जाताना मजेत गेली असती. परतताना पौड फाट्यानंतर तिने जीव काढला असता. ई-सायकलीत पॅडल फिरलं की सेन्सर ते ओळखतो आणि मागच्या चाकातली मोटर हात देते. पाय थांबले की तीही थांबते. जपानमध्ये यामाहाने 1993 साली अशी सायकल पहिल्यांदा बाजारात आणली, म्हणजे हे तंत्र काही कालपरवाचं नाही.

त्यामागचं गणित मला फार आवडतं. सत्तर किलोच्या माणसाला पाच टक्के चढावर ताशी 12 किलोमीटरने जायचं तर साधारण 180 वॅट शक्ती लागते. व्यायामाची सवय नसलेला माणूस सलग अर्धा तास जेमतेम 75 ते 100 वॅट देऊ शकतो. म्हणून चढावर आपल्याला धाप लागते. उरलेली तूट मोटर भरून काढते आणि आपण घामाघूम न होता, साडीत किंवा ऑफिसच्या कपड्यांत, घरी पोचतो. पायांना कामही मिळतं. सात युरोपीय शहरांतल्या सायकलस्वारांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ई-सायकल चालवणाऱ्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली होती, कारण मोटरच्या भरवशावर ते जास्त लांब जात होते. माझंही तसंच झालं आहे. मंडई, बँक, मावशीकडे सदाशिव पेठेत, कुठेही जायचं तर हात आता सायकलीकडेच जातो.

वेगाची शंका सगळ्यांनाच असते. कायद्याने मोटरला 250 वॅटची आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे. बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असलं की लायसन्स लागत नाही, नोंदणीही लागत नाही. पंचवीस म्हणजे फारच हळू, असं वाटणाऱ्यांनी एक आकडा लक्षात घ्यावा. टॉमटॉमच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं : दहा किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं. हा वेग ताशी अठराच्या आसपास येतो. डेक्कनला संध्याकाळी सात वाजता ज्या मोटारींच्या बाजूने मी निघते, त्यातल्या बऱ्याच मला नळ स्टॉपला पुन्हा भेटतात. ‘स्पीड लॉक काढून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला मात्र ठाम नकार द्यावा. लॉक काढलं की ती कायद्याने मोटार वाहन होते, आणि तिचे ब्रेक त्या वेगासाठी बनवलेलेच नसतात.

खर्चाचं थोडक्यात सांगते. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते, म्हणजे चारपाच रुपये. तेवढ्यात पॅडल मारत तीसचाळीस किलोमीटर होतात. खरा खर्च पुढे आहे. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते आणि ती स्वस्त नसते. म्हणून घेतानाच नव्या बॅटरीची किंमत विचारावी, ती सुटी मिळते का हेही विचारावं. काढता येणारी बॅटरीच घ्यावी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही; वीसबावीस किलोची सायकल रोज जिन्याने वर नेणं कुणालाच जमणार नाही, पण बॅटरी पिशवीत घालून नेता येते. ती सोबतच्या चार्जरनेच भरावी, रात्री सगळे झोपलेले असताना नको, आणि घराबाहेर पडायच्या दाराजवळ तर मुळीच नको.

पंक्चरची मला धास्ती होती, कारण मागच्या चाकात मोटर आणि तिची वायर. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने ती एका वाक्यात घालवली. “ताई, चाक खोलायचंच कशाला? टायर एका बाजूने उतरवतो, ट्यूब ओढून बाहेर घेतो, पॅच मारतो.” तसंच केलं त्याने. पावसाळ्यातही ही सायकल चालते. फक्त चाकाच्या मध्यापर्यंत चढलेल्या पाण्यात घालू नये आणि धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.

सायकलीने आपलं काम केलं आहे. शहराने केलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा 2017 साली मंजूर झाला. आजही सायकल ट्रॅक सुरू होतो आणि थोड्या अंतरावर खांब, हातगाडी, लावलेली मोटार किंवा तुटलेला कठडा यात संपतो. तिथे आपण बसच्या शेजारी रस्त्यावर येतो. कायद्याची सक्ती नसली तरी मी हेल्मेट घालते ते याच जागांसाठी. मुलीला सायकलने कॉलेजला धाडताना आईच्या पोटात जो गोळा येतो, तो कुठल्याही मोटरने जाणार नाही. अखंड, मोकळा ट्रॅक हवा, आणि तो मागत राहायला हवं. सोसायट्यांनाही माझी विनंती आहे : पार्किंगमध्ये एक प्लग आणि सायकल साखळीने बांधायला एक लोखंडी दांडा द्या. याला फार पैसे लागत नाहीत.

रोजचं जाणं-येणं दहा-बारा किलोमीटरचं असेल तर पुण्यात याहून सोयीचं वाहन मला दिसत नाही. मात्र दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून निर्णय घेऊ नका. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा चढ निवडा, पाठीवर रोजची बॅग घ्या, संध्याकाळच्या गर्दीत तिथे चालवून बघा, आणि मगच पैसे द्या.