फक्त क्रिप्टोत व्यवहार करणारा व्यापारी सरकारच्या आवाक्यात येतो का?

‘आम्ही बँक वापरतच नाही, सगळे क्रिप्टोत, सरकारचा संबंध नाही’ असे सांगणारा खरेदीदार भेटला तर विचारा, डिझेल आणि हमाली कशात देता? शेवटी रुपयातच. कालव्याचे पाणी दारावर मोजतात, तसे सरकार क्रिप्टोला रुपया होताना गाठते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. मग सरकारने कराची वाट धरली. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस लागू झाला. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. परदेशातून चालणाऱ्या बायनान्सलाही जून २०२४ मध्ये १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला.

कच्चा भाग वेगळाच आहे. दोन वॉलेटमध्ये थेट झालेल्या व्यवहाराची नोंद कायम राहते, पण वॉलेट कोणाचे हे त्यातून कळत नाही. म्हणजे व्यापारी कधीतरी सापडेलही, तुमचे सोयाबीनचे पैसे मात्र सापडतीलच असे नाही.

आणखी एक. शेती उत्पन्नाला आयकर नाही, पण मोबदल्यात मिळालेले नाणे ठेवून भाव वाढल्यावर विकले, तर त्या वाढीला ही सवलत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावबैठकीत एवढे नक्की सांगावे: बाजार समितीचा परवाना पाहा, हिशोबपट्टी घ्या, रक्कम रुपयात खात्यावर जमा झाल्याशिवाय माल गाडीत भरू देऊ नका.