पूर्वमधुमेह आणि दुकानांतील चूर्णे

अशोका गार्डनमधील आपल्या व्यापारी बंधूंची दिनचर्या वेगळी वर्णन करावयास नको. सकाळी गल्ल्यामागे बसावे, ते रात्री कुलूप लावीपर्यंत उठू नये. प्रत्येक ओळखीच्या गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा व्हावा. आणि पोहे-जिलबीस तर भोपाळात नाही म्हणणे म्हणजे असभ्यपणाच! पुढे चाळिशीत रक्ततपासणीचा कागद हाती येतो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी ५.७ ते ६.४ टक्के, यास पूर्वमधुमेह म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अशा माणसांची संख्या १३ कोटींहून अधिक निघाली.

कागद पाहताच आपण चूर्णाकडे वळतो. जांभळाच्या बिया, कारल्याचा रस, मेथी यांचा साखरेवर थोडाबहुत परिणाम होतोही. परंतु त्यावर विसंबून राहण्याइतका पुरावा नाही. शिवाय डॉक्टरांच्या काही गोळ्यांसोबत ते घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. चरकसंहितेने अतिस्थूलास मध सांगितला आहे. आपल्याकडे मध वर्ज्य, म्हणून कित्येकजण त्याऐवजी गूळ घेतात. या तडजोडीस काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांस केवळ सर्वसाधारण सल्ला मिळाला त्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांनी आहार आणि चालणे सांभाळले त्यांपैकी सुमारे ३९ टक्के. मेटफॉर्मिन गोळीनेही जवळजवळ तेवढेच साधले. म्हणजे रोज अर्धा तास चालणे हे औषधाच्या तोडीचे ठरले, आणि त्यास दाम पडत नाही!

आपल्या परंपरेत रात्रिभोजनत्याग आहे, भुकेहून कमी जेवण्याचे अवमौदर्य आहे. ही तपे कर्मनिर्जरेसाठी आहेत, कंबरेच्या घेरासाठी नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरी सूर्यास्तापूर्वी बेताचे जेवणाऱ्याच्या देहास त्यांचा लाभ व्हावयाचा तो होतोच. मात्र एकासन करून त्या एकाच बैठकीत दोन वेळांचे जेवण आणि वर मिठाई उरकली, तर लाभ कोठून होणार? आणि जे साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास धरू नये.

आता थोडे अप्रिय. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही अशी चूर्णे आपल्यापैकी काहींच्या फळीवर आहेत आणि त्यांच्या जाहिरातींची पाने स्मरणिकांस चांगला पैसा देतात. आमची कार्यकारिणीस विनंती आहे, की पुढील अंकात अशी जाहिरात घेऊ नये, आणि बुडणाऱ्या रकमेची भरपाई सभासदांकडून वर्गणी काढून करावी. त्या वर्गणीत आमचे नाव प्रथम लिहावे.