वहिनीची वही

गालाच्या कॅन्सरचं निदान झालं त्या दिवशी आम्ही घरातल्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, ऑपरेशन कधी? दादाला किती दुखतंय, हे ना आम्ही विचारलं, ना त्यांनी. त्याचीही समजूत तीच, एवढा मोठा आजार म्हटल्यावर दुखणारच. आडवं पडलं की ठणका कानापर्यंत जायचा, म्हणून तो रात्रभर भिंतीला टेकून बसायचा. वहिनी दिवा लावायची नाही, आपण झोपलोय असं त्याला वाटावं म्हणून.

ऑपरेशन, रेडिएशन, किमो सगळं वेळच्या वेळी झालं. दुखण्यासाठी मात्र पॅरासिटामॉलची पट्टी. सात महिन्यांनी ‘आता करण्यासारखं काही नाही’ म्हणत पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना हलक्या करणाऱ्या, विभागाची चिठ्ठी हाती दिली. आम्ही ती मरणाची चिठ्ठी समजलो आणि तीन आठवडे गेलोच नाही. याचा सल मला आजही आहे.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलं विचारलं, ‘शून्य ते दहात किती दुखतं?’ दादानं बोटांनी नऊ दाखवले. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी, झोपताना दुप्पट, आणि बद्धकोष्ठ होतोच म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध. जखमेच्या वासापायी नातू जवळ येईनासा झाला होता, तर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून तिथं लावायला सांगितल्या. शेवटी त्या वहिनीकडे वळल्या, ‘तुम्ही जेवता ना?’ सात महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

आत्या घाबरली, अफू देताय, नाद लागेल. दुखण्याच्या मापानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर ती भीती फार थोडी असते, हे बाईंनी तिला बसवून समजावलं.

यातलं काय पहिल्या दिवशी करता आलं नसतं? बोस्टनच्या एका रुग्णालयात फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा दिली होती. त्यांचे दिवस अधिक बरे गेले, उदासी कमी राहिली. त्यांचं मध्यक आयुष्य 11.6 महिने भरलं, इतरांचं 8.9. एका अभ्यासावर मी सगळं तोलत नाही, पण ही सेवा म्हणजे हार मानणं, हा समज तरी त्यानं खोडला.

आपल्याकडेही ही सेवा नवी नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे अशा कॅन्सर रुग्णांचं शुश्रूषा केंद्र 1986 पासून आहे. कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या पॅलिएटिव्ह सेवेच्या कामातून केरळात गल्लोगल्ली स्वयंसेवक उभे राहिले. मॉर्फिनचे परवाने सोपे व्हावेत म्हणून 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्तीही झाली. आपल्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि तरी दादाच्या गोळ्यांसाठी मला एसटीनं चार तास जावं लागे. उपजिल्हा रुग्णालयात त्या का मिळू नयेत? आणि केसपेपरवर बीपीशेजारी दुखण्याचा आकडा पहिल्याच दिवशी का लिहू नये?

वहिनी तो आकडा रोज वहीत लिहायची. वही आता माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर नऊ, मग सात, मग पाच. चौथ्या दिवशी तीन, आणि पुढे तिच्या अक्षरात: ‘आडवे झोपले. सकाळी मऊभात मागितला.’