नातवासाठी आणलंय!

गेल्या महिन्यात आम्ही कल्याणला आमच्या ताईकडे गेलो होतो. ताई परिचारिका होती, आता सेवानिवृत्त आहे. उशी सरकवून टेकायला गेलो, तर खाली ‘हॅरी पॉटर’चा मराठी अनुवाद! आम्ही काही विचारण्याआधीच ताई म्हणाली, “अरे, नातवासाठी आणलंय. त्याच्याजोगतं आहे का, ते बघत होते.” नातू पहिलीत. वाचनाची खूण मात्र शेवटच्या प्रकरणात!

वाचकहो, ही लाज एकट्या ताईची नाही. इंग्लंडमध्ये हे पुस्तक १९९७ साली निघाले. मोठी माणसेही ते वाचतात असे दिसताच प्रकाशकाने दुसऱ्याच वर्षी त्याला प्रौढांसाठी वेगळे, गंभीर दिसणारे मुखपृष्ठ घातले. आतली गोष्ट तीच! आम्ही हेच काम वर्तमानपत्राच्या कागदाने करीत असू. नारायण धारपांच्या किती कादंबऱ्या त्या कव्हराखाली वाचल्या, ते आता सांगायला हरकत नाही.

आपल्या घरांत या संकोचाचे मूळ जरा खोल आहे. पुस्तक आपल्या घरी आले ते कष्टाने, आणि आले ते परीक्षेसाठी. आमचे वडील गिरणीत होते. पुस्तकांना पैसे लागले की जादा पाळी करायचे. त्या पैशांच्या पुस्तकातून चेटकीण निघाली असती तर? म्हणून आजही वाटते, हातातल्या पुस्तकाने काहीतरी दिलेच पाहिजे. जातककथांत माकडे बोलतात, हरणे बोलतात. त्याचा खुलासा कुणी मागत नाही, कारण शेवटी बोध असतो. बिनबोधाची गंमत तेवढी चोरून करायची.

आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतात, असल्या जादूटोण्याने अंधश्रद्धा नाही का वाढणार? आम्हाला तसे वाटत नाही. बुवाकडे जाणारा अंगारा खरा मानतो आणि वर पैसे मोजतो. कादंबरी वाचणाऱ्याला जादूची छडी खोटी आहे, हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. खोट्याला खोटे म्हणून ओळखूनच तो त्यात रमतो.

राहिला पळवाटेचा आरोप. स्वतः अद्भुतकथा लिहिणारे प्राध्यापक टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या एका व्याख्यानात त्याला उत्तर दिले होते. कैद्याची सुटका आणि शिपायाचे रणातून पळणे, या दोहोंत टीकाकार गल्लत करतात, असे त्यांचे म्हणणे. ताईने तीस वर्षे रात्रपाळ्या केल्या, दाजींचे आजारपण काढले, दोन्ही मुले शिकवली. ती कोणत्या लढाईतून पळाली?

निघताना ताई दारापर्यंत आली. “याचा पुढचा भाग मिळाला तर घेऊन ये रे,” हळूच म्हणाली. मग स्वयंपाकघरातल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, “पोरासाठी!”