एक द्राक्ष, चार चवी

पूर्णगडास मुचकुंदीच्या मुखाशीं राहणाऱ्यानें द्राक्षांच्या वाईनीविषयीं लिहावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु नाशिककडील द्राक्षमळ्यांची कीर्ति ऐकून, आपल्या कातळावरही वेल लावावी काय, असें पुष्कळ बागाईतदार विचारतात. माझें मत स्पष्ट आहे. वेल लावूं नये. तिच्यापासून धडा मात्र घ्यावा. द्राक्षास कोरडी हवा मानवते. आपल्या दमट हवेंत केवडा रोग बळावतो.

आतां धडा कोणता तो पाहूं. शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाईनीची जात मूळची फ्रान्सांतील ल्वार नदीकाठची. दक्षिण आफ्रिकेंत ती स्टीन या नांवानें रुजली, आणि २००० सालीं नाशिकच्या सुला कंपनीनें तिची वाईन बाजारांत आणली. अंगची आंबटी हा तिचा मोठा गुण. घड केव्हां तोडावे व रस कोठवर आंबवावा, एवढ्यावरून एकाच जातीचे चार माल होतात. घड लवकर तोडल्यास फेसाळ वाईन साधते. रसांतील साखर पुरती आंबविल्यास कोरडी. थंडावा देऊन आंबणें मध्येंच थांबविल्यास किंचित् गोड. आणि घड वेलीवर अधिक पिकूं दिल्यास चांगली गोड.

अन्नाशीं मेळही यावरूनच बसतो. तळलेल्या मांदेलीस लिंबाची फोड जशी खुलविते, तशीच कोरडी वाईन खुलविते. तिखट कालवणास किंचित् गोड बरी. कारण मद्यार्कानें मिरची अधिक झोंबते, व गोडी तो दाह शमविते. कोकमाच्या सारापुढें कमी आंबट वाईन मिळमिळीत लागते, तर नारळाच्या वडीपुढें कमी गोड असलेली नुसती आंबट.

म्हणून बाटलीवर जातीच्या नांवाबरोबर गोडीचें मानही मराठींत ठळक छापलें पाहिजे. कोरडी म्हणून घेतलेली वाईन गोड निघाली, तर ग्राहक चिडतो आणि बोल द्राक्षास लागतो.

आपल्या हापुसाचेंही तसेंच आहे. पेटीवर केवळ गांवाचें नांव घालून भागत नाहीं. फळ केव्हां तोडलें व केव्हां खावें, हेंही लिहावें. कच्चें फळ ग्राहकाच्या हातीं पडल्यास सबंध तालुक्याचें नांव जातें.

घरीं पाहुणे ठेवणाऱ्यांस शेवटीं एक सूचना. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य विकणें गुन्हा आहे. चवीचें ज्ञान असावें. विक्रीचा मोह परवान्याखेरीज नसावा.