बंदी नको, हिशेब मागा



सिनेटने मंजूर न केलेल्या आंतरराष्ट्रीय करारांवर राज्यांनी एक डॉलरही खर्च करू नये, अशी मागणी अमेरिकेतल्या विधिमंडळांत अधूनमधून पुढे येते. कॅलिफोर्नियात कर भरणारी आणि मत देणारी मराठी नागरिक म्हणून मी या मागणीच्या विरोधात आहे.

मागणीमागची चिंता रास्त आहे. भारतात केंद्र सरकारने केलेल्या कराराला संसदेच्या मंजुरीची सक्ती नाही. अमेरिकेत मात्र तहासाठी सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय अध्यक्षांची सही पुरी पडत नाही. सिनेटने अडवलेले गव्हर्नरने मागच्या दाराने आणू नये, हे बरोबरच. पण त्यासाठी घटनेत कुंपण आधीपासून आहे. राज्यांना परदेशांशी तह करायला साफ मनाई आहे. म्यानमारशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांची अडवणूक करणारा मॅसॅच्युसेट्सचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली रद्दबातल ठरवला.

मग नव्या बंदीने अडेल काय? राज्यांची स्वतःची कामे. अपंगांच्या हक्कांच्या करारावर अमेरिकेने 2009 मध्ये सही केली. 2012 मध्ये सिनेटमध्ये बाजूने 61 आणि विरोधात 38 मते पडली. पाच मतांनी तो राहिला. हा करार बराचसा अमेरिकेच्याच 1990 च्या अपंगहक्क कायद्यावर बेतलेला आहे. त्या कायद्यामुळे चौकातला पदपथ रस्त्याच्या पातळीला उतरतो, व्हीलचेअर कडेला अडत नाही आणि उंच ठिपक्यांची फरशी अंध माणसाच्या काठीला रस्ता आल्याची खूण देते. एवढे संघराज्याच्या कायद्याने सक्तीचे आहे म्हणून वाचेल. पण एखाद्या राज्याने त्यापुढे जाऊन स्वतःहून केलेली सोय कराराच्या खात्यात टाकायची की राज्याच्या? हे ठरवायची कसोटी कोणाकडेच नाही. आणि कसोटी नसली की अधिकारी फाइल बाजूला सारतात.

हवामानाचेही तेच. क्योटो कराराआधी, जुलै 1997 मध्ये, विकसनशील देशांवर बंधने नसलेला करार नको, असा ठराव सिनेटने 95 विरुद्ध 0 मतांनी केला. क्योटो पुढे सिनेटसमोर आलाच नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मात्र 2006 मध्ये स्वतःचा कायदा केला: 2020 पर्यंत उत्सर्जन 1990 च्या पातळीवर आणायचे. ते उद्दिष्ट 2016 मध्येच गाठले गेले. कॅनडातल्या क्वेबेकशी जोडलेली इथली उत्सर्जन-परवान्यांची बाजारपेठ म्हणजे बेकायदा तह आहे, असा दावा संघ सरकारने 2019 मध्ये लावला. मार्च 2020 मध्ये सॅक्रामेंटोच्या न्यायालयाने तो फेटाळला. खर्च राज्याचा होता, कायदा राज्याचा होता आणि त्याला मते देणारे लोकप्रतिनिधी राज्याचेच होते.

म्हणून कसोटी एकच असावी: खर्चाला विधिमंडळाची मंजुरी आहे का? परदेशी सरकारांशी केलेला प्रत्येक सामंजस्य करार, आंतरराष्ट्रीय संघटनांची वर्गणी आणि गव्हर्नरांच्या परिषदांचे प्रवासखर्च अर्थसंकल्पात वेगळ्या ओळींत दाखवावेत आणि त्यांवर मतदान घ्यावे. लपूनछपून होणारा खर्च त्याने थांबेल आणि पदपथाचे काम अडणार नाही. आपल्या मराठी मंडळांतल्या मतदारांनी आपापल्या आमदारांकडे बंदीऐवजी हा हिशेब मागावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, कॅलिफोर्निया